काँक्रीटवरचे डाग काढताना : आवारधुलाईच्या कामात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

पावसाळा सरला की दिवाळीच्या आधी सोसायट्यांची आवारं धुऊन घ्यायची घाई सुरू होते. गेटपासून पार्किंगपर्यंतचा रस्ता हिरवा-काळा झालेला असतो, गाड्यांखाली तेलाची वर्तुळं असतात, जिन्याच्या कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या, पाइपाच्या क्लॅम्पखाली गंजाचा ओघळ. या कामात नवीन आलेला माणूस बहुधा दोनच गोष्टी घेऊन येतो, एक प्रेशर वॉशर आणि एक ॲसिडचा कॅन. त्या दोन्ही सगळीकडे सारख्याच चालवल्या की त्या दिवशी जागा उजळ दिसते, आणि पुढच्या पावसाळ्यात आधीपेक्षा लवकर काळी पडते.

त्याचं कारण काँक्रीटच्या पोटात आहे. खडी आणि वाळूला धरून ठेवणारा सिमेंटचा लगदा चुन्याच्या जातीचा असतो. त्यावर हायड्रोक्लोरिक ॲसिड ओतलं की जो पांढरा फेस उसळतो तो मळाचा नसतो, काँक्रीटच विरघळत असतं. नव्या, स्वच्छ काँक्रीटवर ओतून पाहा, तिथेही तसाच फेस येईल. वरचा गुळगुळीत पापुद्रा गेला की वाळू उघडी पडते, पृष्ठभाग खरबरीत होतो आणि त्या खरबरीत जागेत धूळ आणि शेवाळ पक्कं घर करतं. शिवाय या ॲसिडातलं क्लोराइड आत झिरपून सळईपर्यंत पोचलं तर सळई गंजायला लागते. म्हणून सळईच्या स्लॅबवर, गच्चीवर आणि पोडियमवर (पार्किंगच्या डोक्यावरच्या मोकळ्या स्लॅबवर) हे ॲसिड वापरूच नये. बाकी ठिकाणीही ते हाताशी ठेवायची गरज फारशी पडत नाही.

आधी डाग ओळखा

जागा कोरडी असताना पाहायला जा. ओल्या काँक्रीटवर अर्धे डाग दिसत नाहीत. खिशात तीन छोट्या बाटल्या ठेवा. एकीत साधं पाणी, दुसरीत पातळ केलेलं सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं ब्लीच), तिसरीत ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी.

पाण्याचा एक थेंब डागावर सोडा. काँक्रीटने तो लगेच ओढून घेतला तर जागा सच्छिद्र आहे आणि तिच्यावर सीलर (पाणी आत मुरू न देणारा लेप) नाही. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर खाली तेल आहे किंवा जुना सीलर आहे. काळपट डागावर हायपोक्लोराइटचे दोन थेंब टाकून पाच मिनिटं थांबा. डाग फिका पडला तर ते वाळलेलं शेवाळ आणि बुरशी आहे. बरेच लोक त्यालाच धुराची काजळी समजून तासन्‌तास घासत बसतात. काहीच फरक पडला नाही तर टायरचं रबर, काजळी किंवा तेल समजा. तांबूस डागावर ऑक्झॅलिकचा थेंब टाका. रंग उतरला तर गंज. हायपोक्लोराइट आणि ऑक्झॅलिक एकाच ठिबक्यावर कधीही टाकू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. दोन्हींची तपासणी एक फूट अंतर ठेवून करा आणि नंतर पाण्याने धुऊन टाका.

आता स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एक रेघ ओढा. पांढरी रेघ उठली आणि वर काही सुटलं नाही तर काँक्रीट दणकट आहे. भुगा सुटला, वाळू हाताला लागली तर तो कोबा कमजोर आहे. तिथे प्रेशर कमी ठेवावं लागेल, आणि हे सेक्रेटरींना कामाआधी लेखी सांगावं लागेल. काम झाल्यावर सांगितलं तर ‘तुम्हीच उखडलं’ हेच ऐकावं लागतं. काँक्रीट नवीन असेल तर किमान 28 दिवस त्याला ना प्रेशर लावावं ना रसायन.

जागेची पाहणी

लांबी-रुंदी फुटांत मोजा. 60 बाय 18 फुटांचा रस्ता म्हणजे 1080 चौरस फूट. रसायनाचा सगळा हिशोब याच आकड्यावर बसतो.

नंतर खाली वाकून तीन गोष्टी शोधा. पहिली, भूमिगत पाण्याच्या टाकीची झाकणं. आपल्याकडे बऱ्याच इमारतींची पिण्याच्या पाण्याची टाकी पार्किंगखालीच असते आणि झाकणाच्या कडेला बोटभर फट असते. त्या फटीतून धुण्याचं पाणी आत गेलं तर अख्ख्या इमारतीचं पाणी खराब होतं. झाकणावर जाड प्लास्टिक टाकून कडा चिकणमातीने लिंपा, भोवती वाळूच्या पोत्यांचा बांध घाला, आणि झाकणाच्या चार फुटांच्या आत रसायन न वापरता फक्त ब्रशने काम करा. दुसरी, लिफ्टचा खड्डा. लिफ्टच्या दारापाशी उतार आत असेल तर पाणी सरळ खड्ड्यात जातं. तिथेही पोती लावा. तिसरी, मीटरची खोली, जमिनीलगतचे प्लग आणि गाडी चार्ज करायचे सॉकेट. ते झाका आणि शक्य तिथला पुरवठा बंद करून घ्या.

पाणी कुठे वाहून जाणार तेही पाहा. आवारातली पावसाळी गटारं बहुतेक ठिकाणी थेट नाल्याला मिळतात. तेलाचं आणि रसायनाचं पाणी तिकडे सोडायचं नाही. जाळीच्या तोंडाशी ओल्या गोणपाटाचा बांध घालून पाणी अडवा आणि वायपर व वेट व्हॅक्यूमने (पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरने) उचलून घ्या. झाडांच्या कुंड्या हलवा. हलवता येत नाहीत त्यांची पानं आणि माती आधी साध्या पाण्याने चिंब करा, काम झाल्यावर पुन्हा धुवा.

साधनं

प्रेशर वॉशर 130 ते 170 बार दाबाचा आणि मिनिटाला निदान 10 ते 12 लिटर पाणी देणारा घ्या. नवखे फक्त बारचा आकडा बघतात. डाग सोडवतो दाब, पण सुटलेला मळ वाहून नेतं पाणी. गाडी धुण्याच्या घरगुती मशीनने हजार फुटांचं काम धडपणे होत नाही. मिनिटाला 12 लिटर म्हणजे तासाला 720 लिटर, तेव्हा नळाच्या वेळेवर विसंबू नका. 500 किंवा 1000 लिटरची टाकी मधे ठेवा आणि मशीनच्या इनलेटला जाळीचा फिल्टर लावा. बोअरच्या पाण्यातली बारीक रेती पंपाचे व्हॉल्व्ह खाते.

नोझलचे रंग पाठ करा: लाल 0 अंश, पिवळा 15, हिरवा 25, पांढरा 40, काळा साबणाचा. लाल नोझल काँक्रीटवर वापरू नका, ते रेघ कोरतं. दणकट ट्रिमिक्सवर (व्हॅक्यूमने जादा पाणी काढून घट्ट केलेल्या काँक्रीटवर) हिरवं, पेव्हर ब्लॉकवर आणि कमजोर कोब्यावर पांढरं. मोठ्या मोकळ्या जागेसाठी गोल फिरणारा सरफेस क्लीनर लागतोच. नुसत्या लान्सने (मशीनच्या लांब दांड्याच्या नळीने) धुतलेला रस्ता वाळला की झेब्र्यासारखे पट्टे दिसतात, आणि ते काढायला पूर्ण रस्ता पुन्हा धुवावा लागतो.

ब्रश नायलॉनचा घ्या. लोखंडी वायर ब्रशचे तुकडे काँक्रीटमध्ये अडकतात आणि पहिल्या पावसात ठिपक्या-ठिपक्यांनी गंजतात. फवारणीसाठी पाठीवरचा प्लास्टिकचा पंप चालतो, पण तो या कामापुरताच ठेवा. शेतातल्या फवारणीला तो पुन्हा न्यायचा नाही.

वीज जोडताना 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेलाच पॉइंट घ्या, 16 अँपिअरचा सॉकेट, 2.5 चौरस मिलिमीटरची थ्री-कोअर केबल, आणि जोड पाण्यापासून वर टांगलेला. गमबूट, कोपरापर्यंतचे नायट्राइलचे हातमोजे, चारही बाजूंनी बंद गॉगल, आणि ॲसिड-गॅसचं कार्ट्रिज असलेला मास्क. कापडी मास्कने क्लोरीन अडत नाही. प्रेशरची धार हातापायाला लागून बारीकसं छिद्र पडलं तरी ते मामुली समजू नका. पाणी आणि घाण कातडीखाली खोल गेलेली असते, तडक हॉस्पिटल गाठायचं.

कामाचा क्रम

सकाळी लवकर सुरू करा. तापलेल्या काँक्रीटवर रसायन पाच मिनिटांत वाळतं, काम करत नाही आणि वर पांढरे चट्टे सोडतं. गाड्या आदल्या रात्री हलवून घ्या. मग खराट्याने कोरडं झाडा, मातीची ढेकळं आणि च्युइंगम पत्र्याने खरवडा. त्यानंतर तेल, मग शेवाळ, मग सगळीकडे प्रेशर, आणि सर्वांत शेवटी गंज व पांढरा क्षार. हा क्रम उलटवू नका. तेलाखाली दुसरं कुठलंच औषध पोचत नाही, आणि शेवाळ असताना गंज नेमका कुठे आहे ते दिसत नाही.

प्रत्येक औषध आधी कोपऱ्यातल्या फूटभर जागेवर वापरा, धुवा, पूर्ण वाळू द्या आणि मगच पुढे जा.

तेल

ताज्या तेलावर पाणी टाकायचं नाही. शंखजिरे, लाकडाचा भुसा किंवा कोरडं सिमेंट टाकून बुटाने दाबा, काही तास ठेवा आणि झाडून वेगळ्या पिशवीत भरा.

मुरलेल्या तेलासाठी एक लिटर कडक गरम पाण्यात 100 ग्रॅम धुण्याचा सोडा आणि दोन चमचे भांड्यांचं लिक्विड घाला. डागाच्या बाहेरून आत घासत या, म्हणजे तो पसरत नाही. 15 मिनिटं ओलं ठेवा, पुन्हा घासा, वेट व्हॅक्यूमने उचला. गरम पाण्याची मशीन असेल तर काम निम्मं होतं. थंड पाण्याच्या प्रेशरने तेल निघत नाही, फक्त डागाची कड पसरते.

एवढं करूनही वाळल्यावर काळी सावली उरते. ती आतल्या तेलाची असते आणि तिच्यासाठी पोटीस, म्हणजे डाग शोषून घेणारा लेप, लागतं. सोड्याच्या त्याच द्रावणात खडूची भुकटी किंवा शंखजिरे कालवा, श्रीखंडाइतकं घट्ट. डागाच्या कडेबाहेर दोन इंच जाईल असा अर्धा इंच जाड थर थापा. वर प्लास्टिक पसरून कडा टेपने चिकटवा आणि रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी प्लास्टिक काढून लेप पूर्ण वाळू द्या. खरं काम या वाळण्यात होतं. ओल वर येताना तेल सोबत आणते आणि लेप पिवळट-तपकिरी होत जातो. घाई करून ओलाच लेप खरवडला तर तेल आतच राहतं. जुन्या डागाला हे दोन-तीनदा करावं लागतं, आणि दहा वर्षांच्या पार्किंगमधली सावली पूर्ण जाईल असं कबूल करू नका. रॉकेल किंवा टर्पेंटाइन लावायचा सल्ला कुणी देईल. बंद पार्किंगमध्ये ते आगीला आमंत्रण आहे.

शेवाळ आणि काळा थर

इथे सोडियम हायपोक्लोराइटला तोड नाही. बाजारात ते साधारण 10 ते 12 टक्क्यांचं, मोठ्या कॅनमध्ये मिळतं. ऊन आणि उष्णतेने त्याचा जोर उतरतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांपुरतंच घ्या आणि सावलीत ठेवा. विकत घेताना पूर्ण नाव सांगा. धंद्यात याला ‘हायपो’ म्हणतात, पण फोटोवाल्यांचा आणि मत्स्यालयवाल्यांचा ‘हायपो’ म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आणि त्याचं काम नेमकं उलटं, क्लोरीन मारण्याचं.

जागेवर दीड टक्क्याचं द्रावण पुरतं. 12 टक्के मालाचा एक भाग, पाणी सात भाग. एक लिटर द्रावण सुमारे 25 चौरस फुटांना जातं. म्हणजे हजार फुटांना 40 लिटर, त्यात हायपोक्लोराइट 5 लिटर आणि पाणी 35 लिटर. जागा आधी ओलसर करा, तुडुंब नाही. फवारा जमिनीलगत ठेवा म्हणजे तुषार उडत नाहीत. 10 ते 15 मिनिटं थांबा, वाळायला लागलं तर पुन्हा हलका फवारा. हिरवा रंग आधी तपकिरी आणि मग फिका होताना डोळ्यांदेखत दिसतो. जाड गादीसारखं शेवाळ असेल तर ते आधी पत्र्याने खरवडून काढा, वरच्या थरातच औषध खर्ची पडतं.

हे नीट केलं तर प्रेशर निम्म्यावर भागतं. फवारणी न करता नुसत्या प्रेशरने धुतलं तर वरचं शेवाळ उडतं, छिद्रांतलं जिवंत राहतं आणि थोड्याच दिवसांत हिरवी झाक परत येते.

हायपोक्लोराइटसोबत कुठलंही ॲसिड, टॉयलेट क्लीनर किंवा अमोनिया असलेलं औषध मिसळायचं नाही, एकाच बादलीत नाही आणि एकाच जागेवर लागोपाठही नाही. मधे भरपूर पाणी जाऊ द्या. लान्स मारताना नोझल जमिनीपासून 25 ते 30 सेंटिमीटर वर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला. वाहणारं पाणी मळकट असायचं ते राखाडी आणि वाळूचं दिसायला लागलं तर तिथेच थांबा. आता काँक्रीट निघतंय.

पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांतली वाळू धारेने उडते. लान्स तिरका, सांध्याला आडवा ठेवा, आणि पूर्ण वाळल्यावर कोरडी बारीक वाळू पसरून झाडूने सांध्यांत भरा. हे केलं नाही तर ब्लॉक गाड्यांखाली हलायला लागतात आणि तक्रार तुमच्या नावावर येते.

गंज

गंजावर हायपोक्लोराइट टाकू नका, डाग आणखी पक्का बसतो. एक लिटर कोमट पाण्यात 60 ते 80 ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवा. ते विषारी आहे. पूड उडवू नका आणि पिण्याच्या बाटलीत कधी भरून ठेवू नका. आधी पाणी, मग ॲसिड, हा नियम सगळ्याच ॲसिडांना लागू. जागा भिजवा, द्रावण लावा, 10 मिनिटं नायलॉनने अधूनमधून घासा, वाळण्याआधी धुवा. वाळलं तर कॅल्शियम ऑक्झॅलेटची पांढरी साय बसते आणि ती घासूनच काढावी लागते.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंतीवरून आणि लाल मातीवरून आलेल्या पाण्याचे तांबडे ओघळ असतात. त्यातला रंगही लोहाचाच. पण आधी सोड्याच्या पाण्याने बारीक माती काढा, मग ऑक्झॅलिक लावा. जांभ्याच्या चिऱ्यावर मात्र ते लावू नका, प्रेशरही मारू नका. रंगीत पेव्हरचा लाल आणि पिवळा रंगही बहुधा लोहाच्या ऑक्साइडचाच असतो, ॲसिडाने तोही फिका पडतो. तिथे कोपऱ्यातली चाचणी टाळायचीच नाही.

खोल गेलेल्या गंजासाठी एक भाग सोडियम सायट्रेट, सहा भाग कोमट पाणी आणि सात भाग ग्लिसरीन यांत खडूची भुकटी कालवून पोटीस करतात. ते दोन-तीन दिवस ठेवा.

गंजाचा ओघळ भेगेतून येत असेल किंवा तिथलं काँक्रीट फुगून ठोकल्यावर पोकळ वाजत असेल तर हा धुलाईचा विषय राहिला नाही. आतली सळई गंजलेली आहे. फोटो काढून सोसायटीला द्या आणि इंजिनिअरला दाखवायला सांगा.

पानाच्या पिचकाऱ्या

हा रंग काताचा आणि चुन्याचा. चुन्याने कात लाल होतो हे पान लावणारा प्रत्येक जण जाणतो, आणि म्हणून सोड्याचं पाणी लावताच हा डाग आधी गडद होतो. घाबरू नका. सुकलेला थर खरवडा. मग लिटरभर गरम पाण्यात 50 ग्रॅम सोडियम परकार्बोनेट, म्हणजे कपड्यांचं ऑक्सिजन ब्लीच, विरघळवून लगेच लावा. कापडाच्या चिंध्या त्यात भिजवून डागावर चिकटवा, म्हणजे उभ्या भिंतीवरून ते ओघळत नाही. अर्ध्या तासाने घासून धुवा. उरलेली तपकिरी छटा दुसऱ्या दिवशी ऑक्झॅलिकने जाते. देशी बदामाच्या आणि जांभळाच्या झाडाखालचे डागही परकार्बोनेटला दाद देतात.

पांढरा क्षार

भिंतीच्या बुडाशी आणि सांध्यांवर येणारा हा क्षार कोरडाच झाडून काढा. आधी पाणी मारलं तर तो विरघळून परत आत जातो. चिवट राहिला तर लिटरला 50 ग्रॅम सल्फॅमिक ॲसिड, ओल्या जागेवर, पाच मिनिटं. पण पाणी मुरण्याची वाट बंद होईपर्यंत तो परत येत राहणार, हे आधीच सांगून ठेवा.

शेवट करताना

काम दाखवायचं ते दुसऱ्या दिवशी, जागा कोरडी झाल्यावर. ज्या जागेवरून आधीचे फोटो काढले तिथूनच नंतरचे काढा. सीलर हवा असेल तर निदान दोन कोरडे दिवस जाऊ द्या आणि आत शिरणारा सिलेन-सिलोक्सेन प्रकारचा घ्या. वर पापुद्रा धरणारा ॲक्रिलिक चकाकतो, पण पावसात निसरडा होतो आणि खालून ओल आली की सोलतो.

निघण्यापूर्वी फवारणी पंपात आणि प्रेशर मशीनमध्ये पाच मिनिटं साधं पाणी चालवा. मोटर बंद केल्यावर ट्रिगर दाबून होजमधला दाब सोडा आणि मगच नोझल काढा. तेलाने माखलेला भुसा आणि पोटिसाचा लगदा बंद पिशवीत भरून वेगळा द्या, सोसायटीच्या ओल्या कचऱ्यात टाकू नका.